मनगटातली आठ हाडं

डबा वरून सुटला की मी वही मिटते.
खाली टेकायला एक मिनिट वीस सेकंद लागतात;
तेवढ्यात मनगटातली आठ हाडं,
न बघता.

पहिल्याचं नाव, नाव.
दिसतंही तसंच, किनाऱ्यावर ओढून पालथी घातलेली होडी.
मग चंद्रकोर, मग पिरॅमिड, मग वाटाणा,
आणि वाटाण्यापाशी धुकं.
वाल्पाराइसोत उतरतं तसं, भर दुपारीसुद्धा:
क्रेन गेल्या, जहाजं गेली,
उरला फक्त भोंगा.

वही मांडीवर आहे. उघडायची नाही.

गेल्या वर्षी उघडायचे.
पान इतकं पिवळं रंगवलेलं
की न रंगवलेली ओळच उठून दिसे.
वाचताना सगळं येत होतं मला.
समोरच्या घरातलं टेबल रोज दिसतं,
त्यावरची संत्र्यांची परडीसुद्धा पाठ आहे,
पण त्या घरात मी कधी जेवलेले नाही.
परिचारिकेच्या परीक्षेत कोरा कागद पुढ्यात आला
तेव्हा कळलं.
सेहेचाळिसाव्या वर्षी नापास झाले.
मुलगा हसला नाही, तेच जास्त लागलं.

या खोलीत जुनी लाकडी पेटी आहे, पाच खणांची.
तिकिटं केव्हाच संपली, खण राहिले.
त्यात आता माझ्या चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एकच प्रश्न.
आलं उत्तर, तर चिठ्ठी एक खण मागे.
चुकलं, की पुन्हा पहिल्यात, रोजच्या हजेरीला,
मग ती चौथ्यातून आलेली का असेना.
दुसरा खण दिवसाआड, तिसरा रविवारी,
चौथा पगाराला.
पाचवा उघडताना हात जरा कचरतो,
अर्धंमुर्धं पुसलेलं असतं तिथलं.
असू दे. पुरतं पुसायच्या आत
एकदा जाऊन हाक मारायची,
माझी सगळी विद्या ती एवढीच.

सव्वाअकराला डॉन अनाक्लेतो येतात, मासळीची टोपली घेऊन.
त्यांचंच मनगट हातात धरून त्यांना शिकवते.
बोटांना खवले चिकटतात.
म्हणतात, 'ओदुलिया, होडी आहे तर वल्हं कुठंय?'
काय सांगणार! मी उगाच ओरडले त्यांच्यावर.
मग तेच म्हणाले, पोरवयात जिन्यावरून पडले
तेव्हा नेमकी ही होडी फुटली होती,
चार महिने हात गळ्यात.
चार? बाकीची हाडं तर सहा आठवड्यांत सांधतात.
त्या रात्री शोधत बसले.
रक्त तिथं उलट्या वाटेनं येतं,
आधी पुढं जाऊन मग मागे वळतं.
हे मला कुठे रंगवावं लागलं नाही.

आज पुन्हा. घंटा झाली.
वरचा डबा निघाला, खालचा निघाला,
दोघे एकाच दोराचे,
एक उतरल्याशिवाय दुसऱ्याला चढता येत नाही.
नाव, चंद्रकोर, पिरॅमिड, वाटाणा.
धुकं.

तरफेवर माझा हात.
एकोणीस वर्षं ओढतेय ही तरफ,
कुठल्या हाडांनी, ते कधी विचारलं नव्हतं.
अंगठा कसा मांड ठोकून बसलाय बघ...
मांड. खोगीर!
अंगठा ज्यावर बसतो ते खोगीर.
त्याला बिलगून धाकटं,
मधोमध थोरलं, मोठ्या डोक्याचं,
आणि आठवं,

आठवं आठवत नाही.

खालचा डबा वळणापाशी आला.
खिडकीतून डॉन अनाक्लेतो हात बाहेर काढून
एक बोट वाकवून दाखवू लागतात,
तोंडही उघडतात सांगायला.

मी मान फिरवते.
थांबा, सांगू नका.
अजून अकरा सेकंद आहेत माझे.