पंचेचाळीस

ग्लदानीतल्या सोळा मजली इमारतीत
लिफ्टलाही पैसे लागतात.
दहा तेत्रींचं नाणं टाकायचं, मग वर.
पेटी ज्युंबेरकाकांनी बांधलेली,
आत नखाएवढी चिप,
जागा इतकीच की एक लांबलचक पत्रही मावू नये.

मी सीमध्ये लिहिलं, ऐटीत:
दार उघड. थांब. दार मिट.
थांबण्यासाठी एक रिकामं चक्र,
मोज, मोजत राहा, बाकी काही नको.
प्रोग्राम मावेना, तेव्हा कंपायलरला म्हटलं,
आवळ जरा.
त्यानं आवळलं.

दुसऱ्या दिवशी दारानं
सातव्या मजल्यावरच्या गुलिकोआजींची
होडीसारखी लांब शोती
मधोमध तोडली.
अर्धी रोटी आत, अर्धी बाहेर,
शिव्या दोन्हीकडे.

काकांनी माझा कोड बघितलाच नाही.
"त्यानं काय केलंय, ते काढ."
असेंब्लीचा कागद. उघड,
आणि लगेच खालच्या ओळीत, मिट.
मध्ये काहीच नव्हतं.
ज्या मोजण्यातून काही हाती लागत नाही
ते फालतू समजून त्यानं गाळलेलं.
"त्याची चूक नाही," काका चष्मा पुसत म्हणाले,
"थांबणं हेसुद्धा काम आहे, हे तू त्याला सांगितलंस कुठे?"

मग हातानं.
तीन रजिस्टरं, एकाच्या पोटात एक.
एकानं कमी कर. शून्य नसेल तर माघारी फीर.
वजाबाकीला एक ठोका, माघारीला दोन,
सेकंदाला दहा लाख ठोके.
वीजबिलाच्या पाठीवर गुणाकार;
सगळ्यात बाहेर पस्तीस ठेवले की सात सेकंद.
उरलंसुरलं जुळवायला नॉप:
'काही करू नकोस' ही आज्ञा.
तीही चिप पाळते,
तिलाही एक ठोका जातो.

झालं, मी म्हटलं.
काका घड्याळ घेऊन खाली गेले,
आजींच्या मागे उभे राहिले,
मुद्दाम पिशवी धरली नाही.
वर आले ते धापा टाकत.
"सात हे उन्हाळ्याचे. जानेवारीत गुडघे वेगळे असतात."
पस्तीस खोडून पंचेचाळीस.
पुढे अर्धविराम देऊन लिहिलं, गुलिको.
अर्धविरामापलीकडचं चिपमध्ये जात नाही,
एक बाइटही खर्च झाला नाही.

आज त्या शिरल्या. काठी, पिशवी, शोती.
दार अजून उघडंच.
वळून त्याच्याकडे बघत,
नाणं टाकता टाकता पुटपुटल्या,
"हीसुद्धा म्हातारी झाली मेली."