चारची गोळी

वार्दोच्या वृद्धाश्रमात ओस्नेबाई
दुखतं असं कधी म्हणत नाहीत.
चाळीस वर्षं कॉड चिरला कारखान्यात,
बोटं गोठली तरी
पाळी संपेपर्यंत सुरी खाली ठेवली नाही.

आता खुबा मोडलाय.
बाहेर दोन महिने सूर्य नाही,
सगळी भिस्त घड्याळावर.
चारची गोळी. पावणेपाच झालेत.
कपाटाला दोन किल्ल्या, वहीत दोन सह्या,
आणि दुसरी सही वरच्या मजल्यावर
कुणाची तरी चादर बदलतेय.

ओस्नेबाई खोकी मोजू लागतात, पुटपुटत:
एकवीस, बावीस…
नवख्यांना वाटतं, भ्रम झालाय.
रात्रपाळीची सिग्ने मात्र
तिसाच्या आत जिना चढते,
हाताला धरून खाली आणते सही.

आज सिग्ने रजेवर आहे.

एकशे बारा.
एकशे तेरा.