मंद आच

सांजोच्या दवाखान्यात मी आधी म्हटलं,
पातं बघू.
डॉक्टर नागुमो हसल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या.
नळीच्या टोकाला तारेएवढं काहीतरी,
लांबी दोन मिलिमीटर.
एक्कावन्न वर्षं चाकू घडवतोय मी,
मासा सोलायचे, मुळा चिरायचे, बांबू तासायचे.
असलं कुणी धार लावायला आणलं असतं
तर दारातूनच परत पाठवलं असतं.

त्याच पात्यानं बाईंनी
माझ्या जठराचं अस्तर सोलून काढलं,
पाचशे येनच्या नाण्याएवढं.
मग दाखवलं:
टाचण्यांनी ताणून बसवलेला फिकट तुकडा,
कडेनं ठिपके, शिंप्यानं बेतून कापल्यासारखे.
"सगळं निघालं. वेळेत आलात."
टाके किती?
"एकही नाही."
म्हणजे जखम उघडीच?
"उघडीच. तुमची तुम्ही भरून काढाल.
फक्त तिथली आग वाढू द्यायची नाही."

मसुराएवढी गोळी. सकाळी एक, आठ आठवडे.
औषधं देणारा पोरगा चित्र काढून सांगत होता:
जे जठर अख्खं मांस विरघळवतं
ते स्वतःच्या जखमेला का सोडेल?
म्हणून आम्लाचा नळच बंद करायचा.
घण उचलायचा नाही, वाकायचं नाही,
साके नाही, खारवलेलं काही नाही.
मी मान डोलावली.
पोलादाला पाणी द्यायचं एवढंच मला ठाऊक,
रंग चेरीसारखा झाला की क्षणात बुडवायचं.
आता मलाच पाणी देत होते, कोमट,
गोळीमागून दोन घोट.

भट्टी बंद.
बर्फ छपरावरून धपकन पडायचं
तेवढाच आवाज.
मिसुझु, माझ्याकडे सहा वर्षं शिकणारी,
रोज येऊन ऐरण पुसायची, पेज ठेवायची.
पेजेला चव नसते.
फुकिए गेली त्या वर्षीही मी हीच खाल्ली होती,
तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात दुखणं पार गेलं.
मला वाटलं, झालं की.
भट्टी विझली म्हणून लोखंड गार झालं
असं मी शिकाऊ पोरांना कधी म्हणू दिलं नाही.
आणि स्वतः तीन दिवस गोळी घेतली नाही.
चौथ्या पहाटे घशाशी आंबट आलं,
आणि छातीच्या हाडामागे
कुणीतरी हळूच भाता ओढला.

मिसुझुनं पाकीट हातात घेतलं, मोजलं.
तीन जास्त.
बोलली काहीच नाही.
मी तिची वाकडी धार पाहून जसा गप्प बसायचो,
अगदी तशी गप्प.
गोळी पेजेच्या वाटीशेजारी ठेवली
आणि घेईपर्यंत उभी राहिली.

आठवडे भरल्यावर पुन्हा नळी, पुन्हा पडदा.
खड्डा नव्हता.
पांढुरकी एक खूण, आणि चारी बाजूंच्या घड्या
तिच्याकडे ओढलेल्या,
नाडी आवळलेल्या पिशवीच्या तोंडासारख्या.
बराच वेळ पाहिलं.
दोन लोखंडं मी जोडतो ती आगीत,
ठिणग्या उडेपर्यंत तापवून, ठोकून.
हा सांधा कुणी ठोकला नव्हता.
आगीला फक्त दाराबाहेर बसवलं होतं,
आणि मांसानं आपलं काम
अंधारात, कुणी न पाहता, उरकलं होतं.
जोड मात्र सरळ नाही.
मी असता तर पुन्हा केला असता.
बाईंना तसं म्हणालोही.
"माझ्याही हातून इतकाच झाला असता,"
त्या म्हणाल्या, आणि यंत्र पुसायला लागल्या.

आज भट्टी पेटली.
भाता मिसुझुनं ओढला, मी स्टुलावर.
तिची आच मला जरा कमी वाटली.
तोंड उघडलं होतं,
मिटलं.