पातळी

पहाटे तीन. आयर्विन पुलावर
मेहजबीन नदाफ बॅटरी मारून
पाण्यातला आकडा वाचते :
अडतीस फूट सात इंच.

पिंजाऱ्याची पोर. बापाच्या कमानीची तांत
सगळ्या खणभागाच्या ओळखीची.
त्या सालच्या पुरात भिजलेली एक गादी
चौघांना उचलली नाही.
पाण्याचं वजन ती तेव्हा शिकली,
डिप्लोमा नंतर.

ऑफिसात कुणी विचारलं,
रात्रपाळी जमेल का, बाई?
म्हणाली, नदीला विचारा.

मारुती चौकात माझा फोन वाजतो :
"काका, तळमजला मोकळा करा. पोती आधी."
मी लुंगी सावरत उठतो, वाद घालत नाही.

मागच्या खेपेला म्हणालो होतो,
पोरीचं काय ऐकायचं.
सहा क्विंटल हळद
कृष्णेला लावली तेव्हा.