एकविसावा आठवडा

मिरज रोडच्या हॉटेलात, पहिल्या मजल्यावर,
'फक्त जोडप्यांसाठी' असं छापलेलं आमंत्रण.
जोडपं म्हणून आम्हाला
बऱ्याच वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं.
गेलो.

टाय लावलेला पोरगा जयसिंगपूरकडचा असावा,
'मॅडम' म्हणताना 'काकी' ओठावर येत होतं.
त्यानं पडद्यावर धुकं दाखवलं, दरी दाखवली,
जसं काही महाबळेश्वर
सांगलीतून कुणी पाहिलंच नाही.

टाइमशेअर म्हणजे खोली तुमची, तो म्हणाला.
दर साल सात रात्री. पंचवीस वर्षं.
आठवड्याला नंबर असतो. तुमचा एकवीस, मे महिना.
उरलेले एक्कावन्न आठवडे ती कुणाकुणाची,
ते विचारायचं नसतं.

हे तासाभरात पहिल्यांदा बोलले:
"म्हणजे विहिरीगत."

पोराला कळलं नाही. मला कळलं.
समडोळीच्या विहिरीत यांचा दोन आणे हिस्सा,
आठवड्यातले एकवीस तास पाणी,
गुरुवारी रात्री दोनला सुरू.
मोटर जळली की चार आणेवाला पुण्यात असतो
आणि फोन उचलत नाही.
"मेंटेनन्स किती?" यांनी बरोबर तेच विचारलं.

मी पर्समधून किराण्याच्या यादीची मागची बाजू काढली.
तीन लाख साठ भागिले पंचवीस,
त्यात मेंटेनन्स सोळा हजार (हा पहिल्या सालचा,
पुढचा 'नियमानुसार', नियम पान नऊवर, बारीक अक्षरात),
भागिले सात.
रात्रीला चार हजार तीनशे बेचाळीस.

पोरगा घाईनं दुसऱ्या फाइलकडे वळला.
मग क्लब घ्या. पावणेदोन लाख, दहाच वर्षं,
खोली नाही, पॉइंट. गोवा, मुन्नार, कुठंही.
मेमध्ये पॉइंट दुप्पट जातात, सातच्या पाच रात्री होतात,
वर रोजचे नऊशे, वीज-पाण्याचे.
चार हजार चारशे.
म्हणजे भिशीच, फक्त नंबर कधी लागेल ते
भिशीवालीलाही माहीत नाही.

आणि नुसती खोली, सही न करता,
मेमध्ये, नाश्त्यासकट, अडतीसशे.
माझ्या मावसबहिणीनं मागच्याच साली घेतलेली.
हे मी मोठ्यानं म्हणाले.
शेजारच्या टेबलावरच्या इस्लामपूरच्या बाईंनी
हातातलं पेन खाली ठेवलं.

साडेआठला जेवण लागलं. फुकट, पनीर दोन प्रकारचं.
आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही.
"ज्यूस तरी?" पोरानं विचारलं,
मग त्याच्या साहेबानं, मग साहेबाच्या साहेबानं.
पाणीसुद्धा नाही म्हटल्यावर
त्यांना वाटलं आम्ही किंमत पाडतोय.
शेवटी तीन हजारांची 'फक्त आज' सूट
आणि एक हॉटकेस, ज्याचं झाकण बसत नाही.

स्कूटरवर मी खुश होते.
विश्रामबागच्या सिग्नलला म्हणाले, वाचलो.

हे गप्प. हिरवा लागला तरी गप्प.
मागच्यानं हॉर्न वाजवला तेव्हा म्हणाले:
"विहिरीची पाळी असली की
रात्री दोनला बापू उठायचेच.
ताप असू दे, लग्न असू दे.
न उठलं तर पाणी दुसऱ्याच्या वाफ्यात.
मला वाटलं, पैसे भरलेले असले
तर दुकान बंद करून मीही उठीन."

बारदानाचं दुकान, मार्केट यार्डात, सत्तावीस वर्षं.
मेमध्ये हळदीचे सौदे जोरात,
एका दिवसाची पोती किती, मला तोंडपाठ.
सलग सात दिवस कुलूप
माझ्या आठवणीत नाही, सासऱ्यांच्या वेळीही तीनच.

हा आकडा यादीच्या मागे कुठं लिहायचा,
क्लबखाली की टाइमशेअरखाली,
घरी येऊन बराच वेळ बघत बसले.
हे झोपले होते.
हॉटकेसमध्ये सकाळसाठी मटकी भिजत घातली,
वर ताटली झाकली.