पट्ट्याला सात भोकं

आधी पट्टा घेतला.
कुत्रं नंतर ठरवू, म्हणाला मन्मथ.
माळेगावच्या जत्रेत गाढवं संपतात
आणि घोडे अजून सुरू व्हायचे असतात
तिथल्या बोळीत एक म्हातारा बसला होता
चामड्याचा वास मांडून.

सात भोकं.
मन्मथनं सहाव्यात काडी घातली: कारवान.
मी दुसऱ्यावर नख ठेवलं: पॉमेरेनियन.
पांढरं, मांडीत मावणारं, झुरळाच्या चाहुलीनंही
घर डोक्यावर घेणारं.
म्हातारा म्हणाला, मधल्या तिनांचं काय करायचं?

तसं आमचं भांडण गळ्याच्या मापाचं नव्हतं.

उदगीरला दोन खोल्या, जिन्याच्या तोंडाशी.
तो रात्री दहाला दाल मिलला जातो,
सातला येतो पापण्यांवर तुरीची पूड घेऊन,
आणि दुपारपर्यंत झोपतो.
मी साडेनऊला आगारात, पार्सलच्या खिडकीत.
संध्याकाळ तेवढी दोघांची,
त्यातही कुकर, बाजार, त्याच्या आईचा फोन.

रात्र माझ्या एकटीच्या नावावर.
जिन्यात पाय वाजला की मी पायऱ्या मोजते.
अकरावीला वळला तर शेजारचे मुंडकर.
नाही वळला तर
श्वास धरून बारा, तेरा.
म्हणून मला भुंकणारं हवं.

त्याला न भुंकणारं,
कारण त्याची रात्र भर दुपारी असते
आणि भंगारवाल्यानं, भोंग्यानं, खालच्या पोरांच्या क्रिकेटनं
ती आधीच कुरतडलेली.

जानवळच्या नागोरावकडं एक कुत्री होती.
राखी रंग, कंबर मुठीत धरावी अशी,
कपाळाला कुणीतरी भंडारा लावलेला.
इतक्या कालव्यात ती गप्प,
घोड्यांकडं बघत,
जणू त्यांच्यातल्या कुणाशी तिची जुनी ओळख होती.

भुंकते का? मी विचारलं.
“कशाला भुंकंल? तिला आधीच कळतंय.
खाली चप्पल वाजायच्या आत उठून हुबी ऱ्हाती.
हुबी राह्यली की समजायचं, कुणीतरी यायलंय.”

मन्मथनं माझ्याकडं बघितलं, जिंकल्यासारखं.
मी म्हणाले, पण ती उभी राहिलेली दिसायला
मी जागी नको का?

नागोराव हसला नाही.
विडी विझवली, तिचं थोटूक कानावर ठेवलं.
“बाई, तुमी जागीच ऱ्हाताव की,” तो म्हणाला,
“डोळ्यावरून दिसलालंय.”

मग बराच वेळ घोडेच खिंकाळत राहिले.
सात वर्षं मन्मथला वाटत होतं
मी झोपते.

शिरूर ताजबंदला बस थांबली.
चहाचा पेला हातात देत त्यानं विचारलं,
आपल्या जिन्याला पायऱ्या किती?
अठरा.
मला नऊच वाटायच्या, तो म्हणाला,
मी दोन-दोन चढतो ना.

कुत्रं घेतलं नाही.
पट्टा टीव्हीशेजारच्या खिळ्याला लटकतोय,
पंखा लावला की बक्कल भिंतीवर वाजतं.
दिवसपाळीचं विचारतो म्हणालाय, तुरीचा सीझन सरल्यावर.
बघू.
हल्ली सकाळी सातला, अकराव्या पायरीवर
तो खोकतो. खोकला नसतानाही.

काल आगारात नागोरावचा फोन आला.
पिल्लं झालीत, सहा. पाच चांगली.
एक मात्र भुंकतंय, म्हणाला,
आवाज पडलेला, गुन्हा कबूल केल्यासारखा.
आमच्याकडं असं कधी निघालं न्हाई.
कमी पैशात देतो, पाहिजे तर.

संध्याकाळी भाकरी थापता थापता सांगितलं.
मन्मथ शर्टाची बटणं लावत होता, दहाला निघायचं होतं.
वरचं बटण तसंच राहिलं.
“किती भुंकतंय?” त्यानं विचारलं.

विचारून सांगते, म्हणाले.
तो गेल्यावर पट्टा खिळ्यावरून काढला,
पहिल्या भोकात बक्कल अडकवून बघितलं.
पिल्लाला तेही मोठंच होईल.