इतर मते

न्यूपोर्टच्या गोदीमागचा चॅपल हॉल.
मंगळवार, संध्याकाळचे साडेसहा.
खुर्च्या साठ, माणसं अकरा,
त्यांतले चार आम्हीच, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले.

वांशिक समतेचा मसुदा. प्रश्न पहिला:
‘हे धोरण आपल्याला कितपत पटतं?’
पूर्ण, बरंचसं, थोडंसं, अजिबात नाही.
माझं काम फक्त टिपून घ्यायचं.

हिबाक वॉर्सामे उठल्या.
वडील याच बंदरातून बोटींवर जायचे, भट्टीत कोळसा टाकायला;
त्या स्वतः एकतीस वर्षं रात्रपाळीच्या नर्स.
माईक नको म्हणाल्या.

"सत्त्याऐंशीत याच हॉलमध्ये आले होते मी.
तेव्हाही विचारलंत, तेव्हाही सांगितलं:
आम्ही घर बघायला गेलो की ते नुकतंच गेलेलं असतं.
पेशंट म्हणतो दुसरी नर्स पाठवा,
आणि दुसरी येते.
तुमच्यातल्याच कुणीतरी मान हलवत लिहून घेतलं होतं.
ते कागद सापडतात का बघा.
नसतील तर तेच लिहा पुन्हा,
एक शब्द बदलावा लागणार नाही."

फॉर्मवर जागा शोधावी लागली मला.
शेवटच्या पानावर ‘इतर मते’, दोन ओळी.
समासात लिहीत गेले,
मग कागद उलटा केला.

चहा गार. बिस्किटं तशीच.
निघताना त्यांनी आपली खुर्ची मिटून भिंतीला लावली,
मग शेजारची,
मग तिच्या शेजारची.
"राहू द्या," मी म्हटलं.
"इथली झाडलोट माझी भाची करते," म्हणाल्या,
"पहाटे पाचला.
पत्र तिलाही आलं होतं.
झोपली असेल आता."